पाऊण तास पुढे

प्रिय ताई,

आधी गुन्हा कबूल करतो, खुशाली मागून. तुझी डोंगरात चालवायची सायकल मी पळवलीय. मामांनी ती माळ्यावर टाकून कुलूप लावलं होतं, पण ते कुलूप माझ्यापुढे कितीसं टिकणार. चाकं सोडवली, पोत्यात गुंडाळली आणि हत्यारांच्या पेटाऱ्यात पाइपांखाली दडपली. इथे पेटारा उघडल्यावर मामांनी हँडलकडे पाहिलं आणि म्हणाले, पाना दे. बस. मी बोलणी खायला तयार होऊन बसलेलो, आणि मामा पाइप मोजायला लागले. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

दुसरा गुन्हा घड्याळाचा. आम्ही गॅसच्या डेपोत व्हॉल्व्ह बदलायला आलोय हे माझ्या आईने तुला सांगितलंच असेल. डेपोच्या पाठीला लागून टेकडी आहे, आणि तिच्यावरून उतरणारी अशी काय वाट आहे म्हणून सांगू. गोटे, मुळं, दोन वळणं तर कोयत्यासारखी. तू पाहिलीस तर रडशील. पण बघायची ती लांबूनच. दिवसभर मान मोडून काम, संध्याकाळी सहाला सुट्टी, आणि सहानंतर उजेड टिकतो तो चहा गार होईपर्यंत. त्यात मामांचं 'जरा एवढा बोल्ट आवळ रे' सुरू झालं की संपलंच. वर गेटवरचा रखवालदार. तो रोज सायकलची सीट उपसून नळीत डोळा घालून बघतो, मी जणू गॅसची टाकीच त्यात लपवून नेतोय. पहिले काही दिवस मी टेकडीच्या पायथ्याला पोचायचो आणि काळोखात परत यायचो. सायकल आणली की सायकलला फिरायला आणलं, तेच कळेना.

मग डोकं चालवलं. आत मोबाइल न्यायला बंदी, ठिणगीचं भय. मामांचं मनगटी घड्याळ बंद पडून घरीच राहिलेलं. आम्ही दोघं डेपोच्या पार टोकाला, पत्र्याच्या खोलीत. तिथे एक भिंतीवरचं घड्याळ आणि एक जुना टेबलावरचा फोन. दुपारी मामा जेवून आडवे झाले की मी स्टुलावर चढायचो आणि काटा पाऊण तास पुढे. सकाळी परत जागेवर. मामा मुक्कामाच्या खोलीवर गेले की जेवतात आणि भिंतीकडे तोंड करून झोपतात, वेळ बघतंय कोण, असा माझा हिशोब.

पण माझं नशीबच पंक्चर. काटा हलवला त्याच दिवसापासून, घड्याळात सहा वाजले की मामा हात पुसायचे, फोनजवळ बसायचे आणि म्हणायचे, थांब, बरोबर निघू. कुणाला तरी फोन लावायचे. पलीकडे वाजत राहायचं. ठेवायचे. मग तिथेच बसून एकेक बोट फडक्याने पुसायचे, वाजवायला बासरीच घ्यायचीय जशी. मी दारात, एक पाय पेडलवर, आणि ऊन टेकडीवरून खाली सरकतंय. चोरून मिळवलेला पाऊण तास असा फडक्यात जात होता. शेवटी विचारलं, कुणाला लावता एवढं? म्हणाले, तुझ्या ताईला. तुझ्या आईला शब्द दिलाय, रोज लावीन म्हणून. उचलत नाही ती.

मला तुझा इतका राग आला ताई. सायकलवरून पडून पाय मोडला, घर सोडलंस, सगळं कबूल, पण बापाचा फोन तरी उचल. त्या रागात पायथ्यापर्यंत गेलो आणि तिथे डोक्यात प्रकाश पडला. तुमच्या शिवणाच्या कारखान्यात फोन कपाटात ठेवायला लावतात, आणि तू खऱ्या सहाला सुटतेस, हे मामांनाही ठाऊक आहे. म्हणजे मामांचा फोन वाजायचा तेव्हा खरे सव्वापाच, आणि तू मशीनवर. सगळी माझी करणी. सायकल तिथूनच मागे फिरवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काटा जागेवर आणला आणि दुपारी घड्याळाला हात लावला नाही. गेली सायकल खड्ड्यात, म्हटलं, बाप-लेक बोलतील तरी. दुपारी बाहेर पाइप घासत होतो, सहज खिडकीतून बघितलं. मामा स्टुलावर उभे. चष्मा कपाळावर. आणि काटा पुढे ढकलतायत. पाऊण तास. माझ्यापेक्षा नीट. मग उतरून त्यांनी स्टूल होतं तिथेच ठेवलं. त्या संध्याकाळी फोन वाजून थांबला तेव्हा त्यांचा चेहरा बघितला मी. दात काढणारा डॉक्टर रजेवर आहे कळल्यावर पेशंटचा होतो ना, तसा, सुटल्यासारखा.

तुला वाटतं ते अजून चिडलेत. मलाही वाटायचं. पण ते रोज सकाळी, मी झोपलोय असं समजून, तुझ्या सायकलचा पुढचा ब्रेक दाबून बघतात. सोडतात, परत दाबतात, तार आवळतात. तू पडलीस त्याच्या आदल्या दिवशी तो ब्रेक कुणी बसवून दिला होता, ते तू विसरली असशील. ते नाहीत विसरलेले.

फोनवर हे बोलता येत नाही, रात्री ते शेजारच्याच खाटेवर असतात. म्हणून टँकरवाल्या काकांबरोबर ही चिठ्ठी पाठवतोय, ते तुझ्या गावावरून जातात. रोज संध्याकाळी जो अनोळखी नंबर तुझ्या फोनवर येऊन जातो, तो कर्जवाल्यांचा नाही. एक दिवस लवकर सुट्टी घे. सव्वापाचला फोन हातात धरून बस, आणि वाजला की उचल. ते पटकन ठेवतील, तर तूच आधी बोल. काहीही बोल, ब्रेक छान लागतो म्हण. घड्याळाचा विषय निघाला तर खुशाल माझं नाव सांग, मला सवय आहे बोलणी खायची. पण ते स्टुलावर चढले होते, हे मात्र कुणाला सांगू नकोस. आईला नाही, त्यांना तर नाहीच. पाया पडतो ताई, कुणालाच नाही.

तुझाच,
सायकलचोर