पहारेकऱ्याच्या दोन ओळी

प्रिय बार्नबी,

सात वर्षांत चकार शब्द न लिहिणाऱ्या सिसलीचं पत्र बघून तू ते हेरिंग मासळीच्या पिंपात फेकशील, अशी मला धास्ती आहे. फेकू नकोस. शिव्या घालत वाच, पण शेवटपर्यंत वाच. पुढच्या शनिवारी छापखान्यात एक पान चढणार आहे आणि त्या पानावर तुझं नाव आहे. टपालवाल्याच्या गाडीला तुझं यार्मथ गाठायला चार दिवस लागतात, म्हणजे तुझ्या हाती फार वेळ उरत नाही.

मास्टर पेल गेल्या हिवाळ्यात वारले, हे तिकडेही कळलं असेल. जिवंतपणी त्यांच्या नाटकांना सैतानाची शाळा म्हणणारे आता डोळे पुसतात. मंडळींनी त्यांची सगळी नाटकं एका जाडजूड पुस्तकात छापायला घेतली आहेत. पुढारी अर्थात हम्फ्री ग्रीव्ह, तोच आपला, राजाची कामं करणारा, नाकात बोलणारा. अडलं ते एकाच नाटकाशी, ज्यात तू तुरुंगाचा पहारेकरी व्हायचास. दोन वर्षांमागे नाटकघराचं गवती छप्पर पेटलं, त्यात हस्तलिखितांची पेटी गेली. त्या नाटकाचं आता एकच काय ते उरलंय, ती चोरून छापलेली पुस्तिका, जिच्यापायी तुला हाकललं. ग्रीव्हने तेव्हा ती पायाखाली तुडवली होती, आता छातीशी धरून फिरतो. परवा सगळ्यांदेखत म्हणाला, “चोरट्याने का होईना, नाटक वाचवलं की! भेटला तर आधी थोबाडीत देईन, मग बिअर पाजीन.” सगळे हसले. मग प्रस्तावना वाचून दाखवली. त्यात साफ लिहिलंय की बार्नबी फ्रिथ नावाच्या भाडोत्री नटाने हे नाटक चोरून विकलं. बार्नबी, ते पुस्तक आपल्या नातवंडांच्या वयाची माणसंही वाचतील. पेल यांचं नाव राहील तोवर तूही चोर राहशील.

तुला आठवतं का, बाबा मंडळींचे लेखनिक होते, पण त्यांची नजर गेल्यावर नटांच्या वाक्यांच्या नकला मीच उतरवायची? अख्खं नाटक कुणाच्या हाती द्यायचं नाही, ज्याला त्याला आपापली वाक्यं आणि आधीच्याचे शेवटचे दोन शब्द, एवढी गुंडाळी. सगळे ते बाबांचं अक्षर समजत, नाहीतर त्यांची जागा गेली असती. खरं फक्त तुला ठाऊक होतं. माझ्या अक्षरांना उंदराच्या शेपट्या असतात म्हणून चिडवायचास. तुझ्या पहारेकऱ्याला चारच वाक्यं होती, चारही “होय, साहेब.” मला वाईट वाटलं आणि मी तुझ्या गुंडाळीत दोन ओळी माझ्या पदरच्या घातल्या. “कडी बाहेरून आहे खरी, गड्या. पण किल्ली कमरेला लावून मीही इथंच म्हातारा झालो.”

पहिल्या प्रयोगाला तू त्या बोललास आणि खाली उभ्या गर्दीचं अक्रोड फोडणं थांबलं. मी पडद्याच्या फटीतून बघत होते, आनंदाने रडू आलं मला. पेल मात्र पिसाळले. “हा पहारेकरी आहे की पाद्री? काढा ते!” तू मान खाली घालून म्हणालास, “तोंडातून निसटलं, मास्टर.” माझं नाव घेतलं नाहीस. त्या ओळी पुन्हा कधी रंगमंचावर आल्या नाहीत.

वर्षभराने पुस्तिका निघाली आणि त्यात त्या दोन ओळी होत्या. पेल यांनी ती तुझ्यासमोर आपटली. “हे एकदाच, एकच माणूस बोललाय!” तू पुन्हा माझं नाव घेतलं नाहीस. फक्त माझ्याकडे बघितलंस. मी नाटकातल्या राणीच्या गळपट्टीला लेस लावत होते. मी तोंडात मिठाची गुळणी धरली आणि टाका घालत राहिले. वाटलं असेल तुला, बाबांची जागा जाईल म्हणून गप्प बसली.

आता त्या ओळी गावभर झाल्यात. नदीवरचा नावाडी म्हणतो, कोळणी नवऱ्याला टोमणा मारताना म्हणतात. नाटकांना शाप देणाऱ्या आपल्या पाद्रीबुवांनीही गेल्या रविवारी एका म्हातारीला मूठमाती देताना त्या म्हटल्या. सगळे म्हणतात, वा, काय लिहायचे पेल! दरवेळी माझी छाती फुगते आणि लगेच तुझी आठवण येऊन लाज वाटते.

बार्नबी, ते नाटक मी चोरलं. ओळी खोडल्याचं मला सोसेना. बाबा खोकत पडले असताना त्यांच्याकडच्या हस्तलिखितावरून पंधरा दिवस बसून मी अख्खं नाटक उतरवलं, माझ्या ओळी परत जागेवर घातल्या आणि जुन्या परकराच्या कापडात गुंडाळून छापखान्याच्या दारात ठेवलं. एक पेनीही घेतली नाही. त्या ओळी जगाव्यात, एवढंच हवं होतं. त्यांचा माग काढत पेल तुझ्यापाशी पोचतील, हे सुचलंही नाही. आणि पोचले तेव्हा मी चोर सोडून संन्याशाला सुळी जाऊ दिलं. आता बाबाही नाहीत, तीही सबब संपली. खरं सांगितलं तर शिवणकामवालीच्या म्हणून त्या ओळी पुस्तकातून जातील, मी नाटकघरातून जाईन. ग्रीव्हच्या दारातून दोनदा परत फिरलेय. तिसऱ्यांदा जाईन असं वचन देत नाही, मला मी चांगली ओळखते. म्हणून हे पत्र. माझी ती प्रत छापखानेवाल्याच्या पेटीत अजून आहे. चोर सापडलाय म्हटल्यावर ती कुणी मागितलीच नाही. शनिवारच्या आत ये, हे पत्र त्या प्रतीशेजारी ठेव, आणि ग्रीव्हला म्हण, शेपट्या बघा.

तुझी म्हणवून घ्यायचा हक्क घालवलेली, तरी तुझीच,
सिसली