बुडालेल्या राजांचं अकरावं पान

प्रिय दादा,

ट्रलीत आज लख्ख ऊन आहे. ‘टिकायचं नाही’ असं तू वरून नक्की म्हणत असशील.

पत्राला निमित्त झालं ते तुझं प्रेस. कपाटाला प्रेस म्हणायची इथली आयरिश खोड आम्हाला तुझ्यामुळेच लागली. काल वहिनीने ते आवरायला काढलं, तर शर्टांखाली तुझ्या भाषणाचे कागद निघाले. ‘समुद्रात बुडालेले राजे’. अकरा पानं. तू वाचलीस दहा. अकरावं कुणामुळे राहिलं ते तुला माहीत आहे, आणि मलाही.

गेल्या गणपतीत मंडळाने तुला वीस मिनिटं दिली होती. तू चाळीस घेतलीस! शत्रूच्या हाती लागू नये म्हणून बाळराजाला घेऊन समुद्रात उडी टाकणारा चिनी प्रधान, त्याच्या आधीचे, त्याच्या नंतरचे... एकेका राजाला तू इतक्या सावकाश बुडवत होतास की, माणूस मारायला एवढा वेळ लावणारा डॉक्टर मी दुसरा पाहिला नाही. मागच्या टेबलावर पुलाव गार होत होता. सूत्रसंचालन माझ्याकडे. वक्ता लांबला की त्याच्यापुढे चिठ्ठी सरकवायची आणि त्याने ती न दिसल्यासारखं करायचं, ही आपली पिढीजात पद्धत. पण मला ‘वेळ संपली’ एवढंच लिहून कुठलं चैन पडायला? मी लिहिलं, ‘राजे बुडाले. आता प्रेक्षक बुडताहेत. निदान पुलाव वाचवा.’

आणि तू ती माईकवर वाचलीस!

हॉल नुसता फुटला. तूही हसलास. कागदांची घडी घातलीस, ‘धाकट्या बहिणीची आज्ञा’ म्हणालास आणि खाली येऊन बसलास. जेवताना चौघांनी मला टाळी दिली. मीही हात पुढे केला, चारही वेळा.

का रे ऐकलंस? ‘स्वतःचं बीपी बघ’ म्हटलं की ‘डॉक्टर कोण आहे?’ म्हणायचास. जन्मात माझी एक गोष्ट ऐकायची, ती नेमकी हीच?

फेब्रुवारीत तू ड्यूटीवरून घरी आलास, दाराशी बूट काढायला वाकलास आणि उठलाच नाहीस. त्या वेळी मात्र ‘वेळ संपली’ची चिठ्ठी कुणीच सरकवली नव्हती.

काल मी सईला विचारलं, ‘गणपतीत त्या भाषणानंतर घरी जाताना बाबा काय म्हणाला गं?’

‘ही वॉज ग्रँड, आत्या,’ ती इथल्या ‘बरा होता की’च्या चालीवर म्हणाली. मग, ‘वेल... ही वॉज व्हेरी क्वाएट.’

वहिनी घड्या घालता घालता बोलली, ‘शेवटचं पान दोन महिने घोकत होते. स्वयंपाकघरात, मलाच उभं करून.’

कागदांच्या कडेला तुझ्या स्वतःला सूचना. ‘इथे पाणी पिणे.’ ‘इथे लोक हसतील, थांबणे.’ (कुणी हसलं नव्हतं, दादा.) अकराव्या पानावर इंग्लंडचा तो राजपुत्र. जहाज खडकावर आपटतं. त्याला छोट्या होडीत घालून बाहेर काढतात. सुटला, वाचला. तेवढ्यात मागून सावत्र बहिणीची हाक येते आणि तो होडी वळवायला लावतो. बुडणारे सगळेच होडीत उड्या टाकतात. होडीही जाते, तोही जातो.

कडेला लाल शाईत: ‘इथे चिंगीकडे बघणे.’

पुण्यात मी घर सोडून मैत्रिणीच्या दिवाणावर राहत होते, तेव्हा तुला एकच फोन केला होता. त्यात रडलेही नव्हते. नवऱ्यावर विनोद करत होते. तिसऱ्या दिवशी तू दारात उभा, एवढीशी बॅग घेऊन. ‘चल. तिकडे पाऊस आहे, पण माणसं बरी आहेत.’ त्याच आठवड्यात तुझा कन्सल्टंटच्या जागेचा इंटरव्ह्यू होता. हे मला तीन वर्षांनी वहिनीने सांगितलं. ती जागा तुला पुढे कधी मिळाली नाही. मी विचारलं तर म्हणालास, ‘अगं, टाय सापडत नव्हता.’

तोंडावर सांगायला तुला जमलं नसतं, म्हणून एक राजपुत्र शोधून आणलास. दीडशे माणसांसमोर एकदा माझ्याकडे बघता यावं म्हणून दहा राजे बुडवलेस. आणि मला पुलावाची घाई!

पानाच्या तळाशी तू लिहिलंयस की त्या राजपुत्राचा बाप, म्हणे, पुन्हा कधी हसला नाही. मी हसते, दादा. पोटापाण्याला विनोद लिहिते, लोकांची टर उडवते, ती उडवतच राहीन. पण चिठ्ठी म्हणून कागदाचा तुकडा आता माझ्या हातून कुणापुढे सरकायचा नाही.

येत्या गणपतीत अकरावं पान मी वाचणार आहे. मंडळाला सांगितलंय: जेवण आधी, पान नंतर. सूत्रसंचालन सई करणार आहे, तिच्या त्या केरी काउंटीच्या हेलातल्या मराठीत. पाणी प्यायच्या जागी पाणी पिईन. थांबायच्या जागी थांबेन. फक्त त्या लाल ओळीशी आल्यावर मी कुणाकडे बघायचं, ते तू लिहून ठेवलेलं नाहीस.

तरी मान वर करीन. आणि पुढचं वाक्य वाचीन.

जिच्यासाठी होडी वळवलीस ती,
चिंगी