अक्षर गेलं म्हणतात लोक

अहो,

तुम्हाला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. लग्नाआधी कोणी लिहू देत नव्हतं आणि नंतर तुम्ही कायम समोरच. आज मात्र काळाचौकीला तावडेवहिनींकडून परत आले ती तुमच्याशी भांडायचं ठरवूनच. भांडण पोटात राहिलं की मला जेवण जात नाही, तुम्हाला माहीत आहे.

तुमच्यामागे आपलं भांड्यांवर नावं घालायचं दुकान मीच उघडते, मीच बंद करते. मधल्या वेळात फारसं कोणी फिरकत नाही. भांड्यांची मोठी दुकानं आता घेतलेल्या भांड्यावर फुकटात नाव घालून देतात. आपली स्नेहा म्हणते, यंदा संक्रांतीच्या वाणाच्या ऑर्डरी आल्या नाहीत तर दुकान भाड्याने देऊ, तू वडाळ्याला माझ्याकडे ये. पोरगी चुकीचं बोलत नाही. पण तिच्याकडे मी दिवसभर करू काय?

ऑर्डरी आणणं हे तुमचं खातं. एका कप चहावर तुम्ही अख्ख्या चाळीच्या हळदीकुंकवाचे डबे पिशव्या भरभरून आणायचात आणि मी पोटमाळ्यावर मशीन घेऊन नावं घालत बसायचे. चार लोकांत मला तोंड उघडता येत नाही. म्हणून म्हटलं, विकायला माणूस ठेवावा.

दादरला एका मार्केटिंगवाल्याकडे गेले होते. मुलगा चांगला होता, पाणीबिणी दिलं. म्हणाला, काकी, आधी तुमच्या धंद्याची गोष्ट सांगा, मग व्हिडिओ करू. मी म्हटलं, भांडी येतात, नाव घालून परत जातात. तो पुढचं ऐकायला थांबला. पुढे काय डोंबल सांगणार? हसताय ना?

मग माधवी मिळाली. ती दारोदार पाण्याचे फिल्टर विकायची, बोलण्यात तुमच्या वरताण. कमिशनवर तयार झाली. तिला तुमच्या जुन्या गिऱ्हाइकांकडे धाडलं, लालबाग झालं, भोईवाडा झाला. रोज हात हलवत परत. सगळे गोड बोलतात, तुमची आठवण काढतात, ऑर्डर मात्र कोणी देत नाही, असं सांगायची. मला वाटलं, हिलाच जमत नसेल.

मी स्वतः का गेले नाही, हे तुम्ही विचारू नका. हळदीकुंकवाची ऑर्डर मागायला माझ्यासारखीने कोणाच्या उंबऱ्यात उभं राहायचं? कोणी तोंडावर काही बोललं नसतं. पण त्या न बोलण्याचीच मला भीती वाटत होती.

आज शेवटी हिय्या केला आणि माधवीबरोबर तावडेवहिनींकडे गेले. महिला मंडळाचं वाण दरवर्षी त्याच ठरवतात. त्यांनी बसवलं, चहा दिला, तुमची आठवण काढून डोळे पुसले. मग कपाटातून गेल्या वर्षीचा डबा काढून माझ्या हातात ठेवला.

"असं अक्षर आता कोण घालणार, सांगा? भाऊजींबरोबर त्यांचा हात गेला. म्हणून यंदा आम्ही दुसरीकडे बघतोय."

अहो, ते अक्षर माझं होतं! तुम्ही तर साधी चिठ्ठी लिहिलीत तरी ती तुम्हालाच मला वाचून दाखवावी लागायची.

तुम्ही खोटं बोलला नसाल. "आमचं अक्षर बघा" म्हणायचात, मी ऐकलंय. आमचं म्हणजे कोणाचं, हे त्यांनी विचारलं नाही आणि तुम्ही सांगितलं नाहीत. कधी एकदा तरी सांगायचंत हो! मला काही मिरवायचं नव्हतं. पण तुमच्यामागे हिचं कसं होणार, एवढा विचार करायला काय झालं होतं? आणि रागावायला गेलं तर तुमचा तो पिशव्या सावरत जिना चढणारा चेहराच समोर येतो. फार दमले आहे मी.

"वहिनी, हे अक्षर माझं आहे," मी म्हटलं. "ते ऑर्डर आणायचे, नाव मी घालायचे."

त्यांनी डबा परत कपाटात ठेवला. त्यांना खरं वाटलं नाही. नवरा गेल्यावर बाई धंद्यासाठी काहीही सांगेल, असंच वाटलं असणार. माधवीसुद्धा माझ्याकडे बघत राहिली. मी उद्या मशीन घेऊन येते म्हटलं. त्या "या" म्हणाल्या, "ऑर्डर देते" म्हणाल्या नाहीत.

तर उद्या मशीन पिशवीत घालून निघणार आहे. त्यांच्यासमोर बसून त्यांचंच नाव घालून दाखवीन. मग भोईवाडा, मग लालबाग. प्रत्येक दारात सांगावं लागेल की कारागीर ते नव्हते, मी आहे. इतकी वर्षं लोकांनी तुमच्या हाताचं कौतुक केलं, ते मी माझ्याच तोंडाने एकेका घरातून काढून घेणार. जीव होत नाही, पण करणार. फक्त एक शब्द देते. तुम्हाला लबाड म्हणू देणार नाही कोणाला. म्हणेन, पोटमाळ्यावर बसलेल्या बाईचं काम घरोघरी पोचवणारा माणूस तो होता, आणि तसा दुसरा मी शोधून दमले.

तुमची,
सुनंदा