खुर्चीमागे चार तास

३ मार्च, सोमवार

मालकांनी आज एक बाई आणली. कॉस्टिंगवाली! कुठल्या खुर्चीला नेमका किती खर्च येतो ते म्हणे ती शोधणार. हातात जाडजूड पॅड, तोंडभर हसू. एवढं गोड हसणारं माणूस फुकटात मी तरी पाहिलेलं नाही.

आली ती थेट आमच्या वेतखात्यात. का? लोखंडी खुर्च्यांकडे का नाही गेली? मालक गेल्या वर्षी म्हणालेच होते, "वेताची खुर्ची आपल्याला खाते." तेव्हाच ओळखायला हवं होतं. मी इथली मुकादम. हाताखाली अकरा विणणाऱ्या बायका, त्यांत माझी धाकटी जाऊ. बारा चुली आहेत या वेतावर.

"मावशी, मला सगळं समजावून सांगाल ना?" – मावशी! ना ओळख ना पाळख.

५ मार्च

पाणी कुठे मुरतंय ते कळलं. चिठ्ठ्या वाटल्या तिनं. प्रत्येकीनं रोज भरायच्या, खाली माझी सही. म्हणाली, "घड्याळ घेऊन कुणाच्या उरावर बसणं मला आवडत नाही. तुमचं तुम्हीच लिहा." म्हणजे आमची मान आम्हीच पुढे करायची! वा!

रकाने असे – वेत भिजवला, विणकाम केलं आणि शेवटी काय, तर 'सांगाड्याची वाट पाहिली'. सुतारखात्यातून लाकडी सांगाडे कधी वेळेवर येतच नाहीत. रोज तीन-तीन तास हातावर हात ठेवून बसतो आम्ही. पण ते लिहून द्यायचं? रिकामे बसलो म्हणून? उद्या मालक म्हणतील, रिकामंच बसायचं तर घरी बसा.

दुपारी सगळ्यांना पाण्याच्या टाकीपाशी बोलावलं. सांगून टाकलं, वाट पाहिली तिथे रेघ मारायची. दिवसात प्रत्येकीच्या खुर्चीच्या दोन बैठका विणून होतात ना? मग आठ तासांचे दोन भाग करा. एका बैठकीला चार तास.

जाऊ म्हणाली, "पण ताई, अडीच तासांतच होते की!"

"ते तुला ठाऊक, मला ठाऊक. तिला कशाला ठाऊक व्हायला हवं?"

७ मार्च

ह्यांना सांगितलं. हे पेपरातून मानही वर न करता म्हणतात, "तुला तर आरशातल्या बाईचाही संशय येतो." येतोच. ती कधी माझ्याआधी हसत नाही, म्हणून जरा कमी.

१० मार्च

आज आमच्यात डबा खायला बसली. कुणाला मुलं किती, कुणाचा नवरा काय करतो, कोण किती वर्षं इथे आहे. बायका भोळ्या, भडाभडा सांगत सुटल्या. मी मुकाट जेवले. कुणाला काढलं तर कोण रडेल न् कोण भांडेल, याचीच चाचपणी ही!

१२ मार्च

ऑफिसात बोलावलं. चिठ्ठ्या पसरलेल्या.

"मावशी, दहाजणींनी, अकराजणींनी – कुणीच एक मिनिटही वाट पाहिली नाही?"

"नाही."

"नक्की? मी स्वतः दोनदा पाहिलं, सांगाडे नव्हते आलेले."

"माझ्या सहीवर विश्वास नाही का तुमचा?"

तिचं असं तोंड बंद केलं की बस! येताना चालच बदलली माझी.

१३ मार्च

सुतारखात्याच्या दारात ती त्यांच्या मुकादमाशी भांडत होती. "सांगाडे वेळेवर का जात नाहीत?" मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं! आमच्या बाजूची आहे असं दाखवायचं. असली नाटकं मी खूप पाहिलीत.

१७ मार्च

काही नाही. चिठ्ठ्या चालू. बैठकीला चार तास, चार तास, चार तास.

१९ मार्च

नोटीस लागली. वेतखातं महिनाअखेर बंद.

मी सांगत नव्हते? सांगत नव्हते का मी! सगळ्याजणी माझ्याभोवती गोळा झाल्या. जाऊ तर भिंतीला टेकून बसलीच. तिच्या नवऱ्याला, माझ्या दिराला, वर्षभर काम नाही. एकट्या तिच्या हातावर घर आहे.

मी तशीच चिठ्ठीबाईकडे गेले. "मिळालं का बक्षीस? पेढे कधी वाटताय?"

तिचे डोळे लाल होते. म्हणाली, "बसा मावशी, एकदा ऐकून तरी घ्या." मी उभीच राहिले. मग तिनं सांगितलं. भाडं, वीज, पहारेकरी, ऑफिस, असा सगळा वरचा खर्च आजवर जागेच्या मापानं वाटत होते. बैठका वाळवायला आमचा हॉल मोठा, म्हणून सगळ्यात मोठा बोजा वेताच्या खुर्चीवर. तिनं मालकांना पटवलं होतं की जी खुर्ची जितकं काम घेते तितकाच खर्च तिच्यावर टाका. आणि वाट पाहण्यात गेलेला वेळ टाका सुतारखात्यावर, कारण वाया त्यांनी घालवला.

"तुमची खुर्ची यातून सुटेल अशी खात्री होती मला. पण चिठ्ठ्यांत वाट पाहिल्याचं एक मिनिट नाही, आणि एका बैठकीला चार तास! मी कशाच्या जोरावर भांडू?"

खोटं. आता हात झटकायला काहीही सांगेल.

२० मार्च, पहाटे

झोप नाही. पहाटे उठून ओट्याशीच कागद घेतला. तिची रीत, तिनं काल सांगितलेले खर्चाचे आकडे, आमचे तास मात्र खरे. अडीच तास विणकाम, वाट पाहिलेली सुतारखात्याकडे. तीनदा हिशेब केला. वेताची खुर्ची लोखंडीपेक्षा स्वस्त पडते. तीनही वेळा.

हे देवा. मीच केलं. बारा चुलींवर मीच पाणी ओतलं. ती आम्हाला वाचवायला आली होती आणि मी तिला माझी सही दाखवत होते!

हे म्हणाले, "अजून आठ-दहा दिवस आहेत. जा, सांग." कधी नव्हे ते थट्टा केली नाही.

२० मार्च, सकाळी

मालकांच्या ऑफिसात बसून लिहितेय, कोऱ्या चिठ्ठीच्या पाठीवर. घरी गेल्यावर वहीत चिकटवीन.

सकाळी आल्या आल्या सगळं कबूल केलं. मालक हसले. "खातं वाचवायला आता हे नवीन? तेव्हा खरं होतं की आता खरं आहे?" चिठ्ठ्यांवर माझीच सही होती. चिठ्ठीबाई मध्ये पडली. म्हणाली, एकदा घड्याळ लावून बघू, मी स्वतः शेजारी बसते. मालक कसेबसे तयार झाले. एक बैठक. अडीच तासांत झाली तर नोटीस मागे. नाहीतर हा विषय पुन्हा काढायचा नाही.

"पण तुम्ही इथंच बसायचं, बाई. आत कुणाला एक शब्द कळता कामा नये. नाहीतर शिकवून ठेवाल."

मी म्हटलं, बसते. कुणाला बसवायचं विचारलं तेव्हा मीच जावेचं नाव दिलं. तिच्यासारखा चपळ हात आमच्यात कुणाचा नाही. सांगाडा, भिजवलेला वेत, सगळं तयार ठेवलंय. मालक न् चिठ्ठीबाई आत गेले. नऊ वाजून पाच मिनिटं.

त्याच दिवशी, दुपारी

सव्वा वाजता जाऊ बाहेर आली. घामानं निथळलेली, पण तोंड फुललेलं. माझा हात घट्ट धरून कानाशी म्हणाली, "ताई, चार तास दहा मिनिटं! हात नुसते पळायला बघत होते, पण मी पळू दिले नाहीत. तुमचा शब्द खाली पडू दिला नाही."