प्रत्येक बाटलीत लाल धागे

॥ श्री बिरोबा प्रसन्न ॥
पणदरे, १० जानेवारी १९९६

चि. सुकन्या हिस आईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पार्सल मिळालं. फाटकी जाळी एक, आमसुलं अर्धा किलो, तात्यांना मफलर. टपालाला साडेसोळा रुपये घालवलेस. तेवढ्यात इथं किलोभर साखर आली असती. असो. जाळी कडेला उसवली होती, ती तू बजावल्याप्रमाणं पांढऱ्या सुती दोऱ्यानंच शिवली. हिंदुरावांचा ट्रक रत्नागिरीला निघालाय, त्यांच्याकडं देते, फुकटात पोचेल.

तात्या गावभर सांगतात की आमची पोरगी दर्याला चाळण लावती, पीठ कवा पडायचं ते बिरोबाला ठावं. होडीत जपून बस. तुला पोहता येत नाही, हे मी विसरत नाही.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी आई

रत्नागिरी, ४ फेब्रुवारी १९९६

ती. सौ. आईस शि. सा. न. वि. वि.

जाळी मिळाली. टाके बघून सरांनी विचारलं की शिंपी कोण. तात्यांना सांग, पीठ पडलं! होडीमागं जाळी ओढून आम्ही समुद्राचं वरवरचं पाणी गाळतो, जाळीत उरलेलं बाटलीत भरतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली प्लास्टिकचे कण मोजतो. यंदा प्रत्येक बाटलीत बारीक लाल धागे निघाले, किनाऱ्याजवळही आणि आत लांबवरही. मागच्या साली एकही नव्हता. सर म्हणाले की हे गोव्याच्या परिषदेत मांडायचं. मांडलंस की इथली संशोधकाची जागा तुझीच, असंही म्हणाले. तात्यांनी शब्द दिलाय ना, नोकरी लागली तर लग्नाची घाई नाही म्हणून? आठवण कर.

धाकट्या मोनाला गोड पापा. तुझा जीव माझ्यावर असाच राहू दे.
सुकन्या

पणदरे, १२ फेब्रुवारी १९९६

चि. सुकन्या हिस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून डोळे भरले. तात्यांनी निरवांगीच्या स्थळाला थांबा म्हणून निरोप दिला.

आता एक सांगते, हसू नकोस. जाळीच्या कड्याजवळ कापडाची घडी आहे, तिच्यात आतून मी बिरोबाचा लाल गोंडा बांधलाय. तू पाण्यावर जाणार, जिवाला घोर लागतो. तुझी आजी लोकरीचा करायची. पण लोकर खाऱ्या पाण्यात कुजेल म्हणून मी यात्रेतला नायलॉनचा घेतला. झिजला असला तरी काढू नकोस. त्याच्याच कृपेनं हे यश.

लोभ धर.
तुझी आई

रत्नागिरी, २० फेब्रुवारी १९९६

ती. आईस सा. न.

गोंडा सापडला, निम्माच उरलाय. त्याचा धागा बाटलीतल्या धाग्याशेजारी ठेवून बघितला. तोच. मी समुद्र मोजत नव्हते, तुझा गोंडा मोजत होते. कापून टाकला असता तर कुणाला कळलं नसतं. पण त्याच दिवशी सरांना दाखवला. परिषदेचा लेख मागं घेतला, जागेवर दुसऱ्याला घेतलं. यापुढं जाळी मी इथंच शिवीन.

सुकन्या

पणदरे, २८ फेब्रुवारी १९९६

चि. सुकन्या हिस आईचे आशीर्वाद.

एवढं सगळं तू पंधरा पैशांच्या कार्डात उरकलंस, त्यावरूनच राग कळला. मीच आधी एका ओळीनं विचारलं असतं तर भागलं असतं. विचारलं नाही, कारण तू नको म्हणशील हे मला ठाऊक होतं. उरलेला निम्मा गोंडा दर्यात गेला. तो आता कोण वेचणार? दिवा लावायला बसते, तर हात जोडवत नाहीत.

तात्यांनी निरवांगीला पुन्हा निरोप धाडलाय. पाडव्याला ती मंडळी बघायला येणार. मी म्हटलं की पोरीला अजून एक साल द्या. ते म्हणाले की सबूद नोकरीवर व्हता, नोकरी न्हाय तर सबूदबी न्हाय. मग मी म्हटलं की नोकरी तिनं घालवली नाही, मी घालवली. माझ्या चुकीपायी तिला का उजवता? त्यावर त्यांनी नुसती पानाची चंची उघडून बंद केली. व्हय म्हणाले नाहीत, पण न्हायही म्हणाले नाहीत.

जाळी पाठवू नकोस, बरोबर आहे. पण निरवांगीकरांना या म्हणू का नको म्हणू, एवढं उलट टपाली कळव. तू लिहिशील तेच मी तात्यांपुढं बोलेन.

तुझी आई