हेक्टरला एक मत

११ जानेवारी
मॉर्ना आज स्वतःहून बोलली! दुकानाबाहेर, बर्फात उभी राहून. जिच्यासाठी कॉलेज अर्धवट टाकून हॅलिफॅक्सहून परत आलो, ती म्हणते काय — "इवन, शनिवारच्या निवडणुकीत बाबांना पाडशील ना?"

तिचे बाबा हेक्टर म्हणजे आमच्या गावच्या अग्निशमन दलाचे चीफ. वीसेक वर्षं. छातीत धूर बसलाय. जिना चढताना मध्येच थांबतात. डॉक्टरांनी आगीजवळ जायचं नाही म्हणून बजावलंय. "स्वतःहून ते कधी सोडणार नाहीत. तुम्हीच सोडवा." डोळे भरून आले होते तिचे. दिला शब्द!

१३ जानेवारी
बंब धुताना एकेकाला विचारलं. चीफपदासाठी हेक्टरच्या विरोधात रॉडी उभा आहे, आणि सगळे त्याच्याच बाजूचे. लॉकी म्हणतो, "म्हातारा हल्ली पंपापेक्षा जास्त धापा टाकतो." धरली कॉलर. रॉडीनेच सोडवलं. "लेका, आपण सगळे तेच म्हणतोय. तू भांडतोयस कुणाशी?"

खरंच की.

१५ जानेवारी
सभा झाली.

जेवणानंतर नेहमीसारखं हेल्मेट फिरलं, चिठ्ठ्या टाकायला. चीफ समोरच बसले होते. इस्त्रीचा शर्ट, छातीवर पदकं. पाण्याचा पाइप कसा धरायचा ते मला यांनीच शिकवलं. रॉडी येणार हे तर ठरलेलंच. पण फळ्यावर हेक्टरच्या नावापुढे भोपळा? सगळ्यांच्या देखत? एक तरी मत पडू दे बिचाऱ्यांना! रॉडीचं काय बिघडतंय? लिहिलं — हेक्टर.

हेक्टर चौदा. रॉडी पाच.

कुणीच टाळी वाजवेना. मी लॉकीकडे बघितलं. त्याने मान खाली घातली. पलीकडच्यानेही. कळलं मला. प्रत्येकाला वाटलं होतं, हेक्टरला आपलं एकच मत.

चीफ टेबलाला धरून उठले. एकेकाकडे बघितलं. मग म्हणाले, "एवढी माया! बरं. तुम्ही म्हणता तर तसं."

१६ जानेवारी
मॉर्नाचा फोन. "तू रॉडीलाच दिलंस ना?"

"हो."

"तू एकटाच भरवशाचा निघालास रे." रडत होती.

हे ऐकायला किती तडफडलो होतो मी! आणि ऐकलं ते असं.

१७ जानेवारी
रॉडीला म्हटलं, पुन्हा मतं घेऊ. तो भडकला. "आणि चीफना काय सांगू? पोरांनी तुमची कीव केली? त्यापेक्षा माझा गळा दाब." मीही वाट्टेल ते बोललो. दार आपटून आलो. तो म्हणतो ते खोटं नाही, म्हणूनच.

२ फेब्रुवारी
बंदरावरच्या जाळ्यांच्या गोदामाला आग. चीफ सगळ्यांच्या पुढे. मी ओरडलो, "तुम्ही बाहेर थांबा!"

"मग निवडून कशाला दिलंत?" म्हणाले, आणि शिरले आत.

मी आणि रॉडीने ओढून बाहेर आणलं. ओठ निळे. मॉर्ना धावत आली, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

४ फेब्रुवारी
हॉस्पिटलात गेलो. चीफ शुद्धीवर आलेत. नाकात नळी आहे. मॉर्ना चहा आणायला गेली तेव्हा बोटाने मला जवळ बोलावलं. एकेक शब्द ओढत म्हणाले — "इवन, मी रॉडीचं नाव लिहिलं होतं. सुटायचं होतं रे मला."