तालमीत न म्हणायचे वाक्य

३ ऑक्टोबर
पोहोचले. स्टेशनपासून नाट्यगृह बारा मिनिटांवर. ऊन होते. दारावरचे गाव्रिलकाका माझी पेटी उचलून पुढे निघाले. एवढी पुस्तकं आणलीस, आणि पोरगी कुठं विसरलीस, म्हणाले. मी सांगितले, इलिंका बहिणीकडे आहे. पहिला प्रयोग नीट झाला की नोकरी पक्की, मग खोली, मग तिला आणायची. काका म्हणाले, मग चुकू नकोस, पोरी. त्यांनी बोटभर प्लमची दारू पाजली.

४ ऑक्टोबर
नटांना विसरलेली वाक्ये सांगणाऱ्या प्रॉम्प्टरच्या, म्हणजे माझ्या, जागेला इथे सगळे पिंजराच म्हणतात. रंगमंचाच्या पुढच्या कडेला, फळ्यांखाली, एक खुर्ची मावेल एवढी पेटी. डोके तेवढे वर येते. तोंड नटांकडे, पाठीमागे फळी, फळीमागे प्रेक्षक. आत शिरायचे ते खालून. दाराची आतली कडी तुटली आहे आणि वाऱ्याने दार आपटते, म्हणून काका बाहेरून अडसर घालतात. नाटक संपले की काढतात.

खुर्चीची गादी मधोमध खोल गेली आहे. अग्लायाबाई तिच्यावर बावीस वर्षे बसल्या. बारा वर्षांपूर्वी रंगीत तालमीत, नाटक संपायला एक वाक्य उरले असताना, इथेच गेल्या. अजून आहेत, असे लोक सांगतात. बेकरीवालीबद्दल सांगावे तितक्या सहज. मुख्य नट होरात्सिऊ म्हणाला, वेतुरिया, तू नुसती बसून राहा. म्हातारी तुझ्यापेक्षा बरं सांगते.

मी हसले.

५ ऑक्टोबर
इथली रीत. नाटकाचे शेवटचे वाक्य तालमीत म्हणायचे नाही. ते पहिल्या प्रयोगालाच. तोवर होरात्सिऊ तिथे लाकडावर तीन टकटक करतो आणि सगळे घरी जातात. माझ्या नाटकाच्या वहीत त्या ओळीवर कागदाची पट्टी चिकटवली आहे. पान उजेडाला धरून वाचले.

दार उघडा. माझं झालं.

८ ऑक्टोबर
कामावर हात बसला. नट थबकायच्या आधी त्याचे डोळे सांगतात. आज दोनदा माझ्या आधीच कुजबुज आली. कानामागून. शब्द बरोबर होते.

११ ऑक्टोबर
चूक झाली.

होरात्सिऊ शेवटाशी आला, टकटक करायला हात उचलला आणि थांबला. शिंक येत होती, एवढेच. पण डोळे माझ्याकडे होते. थांबला की द्यायचे, हे माझ्या जिभेत मुरले आहे. मी ते शेवटचे वाक्य दिले. पूर्ण, स्पष्ट.

कोणी हसले नाही. सगळ्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली. होरात्सिऊ म्हणाला, अगं, काय केलंस हे. मग तो शिंकला.

पेटीत माझ्या मागे कोणीतरी श्वास सोडला. फार वेळ धरून ठेवलेला.

१२ ऑक्टोबर
होरात्सिऊ चिडला. काय पुटपुटतेस, म्हणाला, मांजर तरी मोठ्यानं ओरडतं.
मी ओरडूनच सांगत होते.

१४ ऑक्टोबर
आज तो खूश. झकास, बाई, एक शब्द सुटला नाही.
आज मी तोंड उघडले नव्हते.

१५ ऑक्टोबर
बहिणीला फोन केला. उद्या पहिल्या प्रयोगाला ती इलिंकाला घेऊन येणार आहे. आणू नकोस, सांगायचे होते. ती हॅलो, हॅलो म्हणत राहिली. मग म्हणाली, कोण मेलं उगाच छळतंय, आणि ठेवला.
काकांना हाक मारली. ऐकूच न आल्यासारखे ते शेजारून गेले.
स्टेशनवर जाता येईल. पण मग नोकरी नाही, खोली नाही, आणि वाटेत चुकामूक झाली तर त्या दोघी इथे पोहोचतील. उद्या वाक्य रीतीने म्हटले गेले की सगळे जागेवर येईल. येईलच.

१६ ऑक्टोबर, रविवार. दुपारचा प्रयोग
पिंजऱ्यात. वहीच्या मागच्या पानावर लिहिते आहे. अडसर बसला.
इलिंका पहिल्या रांगेत. तिचे बूट मागच्या फळीवर वाजतात. बहीण म्हणते, पाय आवर गं.

दुसरा अंक. माझे ओठ हलतात. आवाज नाही. आवाज पुढून येतो. माझाच —

तिसरा. मी खुर्चीवर नाही. कधी उठले? फळीला टेकून उभी आहे. खुर्चीवर कोणाची तरी पाठ. माझा निळा स्वेटर.

होरात्सिऊने म्हटले. दार उघडा, माझं —

टाळ्या. अडसर निघाला. काका म्हणाले, चल पोरी, सुटलीस, नोकरी पक्की. निळा स्वेटर वाकून बाहेर —
मी मागोमाग — मी दाराशीच —

अडसर.

फळीपलीकडे इलिंका. आई, तुझे हात एवढे गार कसे गं.
निळ्या स्वेटरवाली माझ्या आवाजात हसली. म्हणाली, खाली थंडी असते, बाळ, चल घरी.

फळीवर मारते आहे. इलिंका म्हणते, आत कुणीतरी आहे. काका म्हणतात, आहेच की, अग्लायाबाई.
बूट लांब —

उभे राहवत नाही. गादी मधोमध खोल आहे. मी बसणार नाही. मी ब